पुण्यात बसवायचा, पँगाँगला पेटवायचा: जुन्या जीपमधला डिझेल एअर हीटर

पुण्यात गाडीला हीटर कशाला, हा प्रश्न रास्तच आहे. जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पाषाणला पारा आठ-नऊ अंशांवर आला तरी स्वेटर आणि चहावर भागतं. पण इथल्या जुन्या एमएम ५४०, कमांडर, बोलेरो, गुरखा अशा जीपगाड्या दर वर्षी स्पिती-लडाखच्या वाटेला लागतात. त्यांतल्या कित्येकींना कंपनीचा हीटरच नसतो. ज्यांना असतो, त्यांचा इंजिन बंद केलं की थंड. रात्रभर इंजिन चालू ठेवून गाडीत झोपणं म्हणजे डिझेलची नासाडी आणि जिवाशी खेळ.

डिझेल एअर हीटर तेच काम तासाला पाव लिटरच्या आत डिझेल जाळून करतो. मेख एकच आहे. तो बसतो ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात आणि रात्रभर चालतो सव्वाचार हजार मीटरवरच्या पँगाँगच्या काठी, जिथे हवेचा दाब पुण्याच्या ६३ टक्क्यांच्या आसपास असतो. लेहला तो ७० टक्क्यांच्या घरात. इथे झकास चाललेला हीटर तिथे तिसऱ्या रात्री काजळीने गुदमरतो तो यामुळे. म्हणून जागा, पाइप, वायर, पंप हे सगळं ठरवताना डोळ्यासमोर कोथरूडचं गॅरेज नको, तिथली रात्र हवी.

आत काय आहे

हा हीटर म्हणजे एक बंद चूल. एकाच मोटरच्या दांड्यावर दोन पंखे असतात. लहान पंखा बाहेरची हवा ओढून जळणाला पुरवतो, मोठा पंखा केबिनची हवा अॅल्युमिनियमच्या पंख्यांच्या पाकळ्यांसारख्या पट्ट्यांवरून फिरवून गरम करतो. या दोन हवा कुठेही एकमेकींत मिसळत नाहीत आणि मिसळता कामा नयेत. डिझेल एका छोट्या इलेक्ट्रिक पंपातून ठोक्या-ठोक्याने येतं, ग्लो प्लगभोवतीच्या (ही विजेने लाल तापणारी कांडी) बारीक जाळीवर पसरतं, तिथे त्याची वाफ होते आणि ती पेटते. एकदा ज्योत स्थिरावली की ग्लो प्लग बंद होतो.

हीटर २ किलोवॅटचा घ्या. ‘जास्त असलेलं बरं’ म्हणून बरेच जण ५ किलोवॅटचा उचलतात आणि पस्तावतात. जीपची केबिन एवढीशी. मोठा हीटर दहा मिनिटांत ती तापवतो आणि उरलेली रात्र सगळ्यात मंद आचेवर कुथत बसतो. मंद आचेवर जळण अर्धवट होतं, काजळी धरते, आणि विरळ हवेत ती आणखी वेगाने धरते. २ किलोवॅटचा हीटर त्याच केबिनमध्ये मध्यम ते मोठ्या आचेवर चालतो आणि स्वच्छ राहतो. खोक्यावर ‘८ किलोवॅट’ लिहिलेल्या चिनी हीटरच्या नादी लागू नका, आत बहुधा ५ चंच यंत्र असतं. ओळख सोपी आहे: २ किलोवॅटच्या हीटरची लांबी साधारण ३१० मिमी आणि गरम हवेचं तोंड ६० मिमी, ५ किलोवॅटचं तोंड ७५ मिमी असतं. ताडपत्रीचं हूड असेल तर मात्र उष्णता भसाभस बाहेर जाते. तिथेही मोठा हीटर घेण्यापेक्षा हुडाला आतून जाड ब्लँकेट किंवा फोमचं अस्तर लावणं स्वस्त पडतं आणि उपयोगी पडतं.

गाडी लष्कराच्या लिलावातली असेल तर खरेदीआधी बॅटरीचे व्होल्ट मोजा. २४ निघाले तर हीटर, पंप, ग्लो प्लग सगळंच २४ व्होल्टचं लागेल. आणि जिप्सी पेट्रोलवर चालते, तिच्या टाकीतून हा हीटर चालवायचा विचारही करू नका. तिला केबिनबाहेर, मागच्या बाजूला ५ ते ७ लिटरची वेगळी डिझेल टाकी बसवावी लागते.

सामान

हीटरसोबत पंप, कंट्रोलर, वायरिंग, एक्झॉस्ट पाइप, हवेचा पाइप आणि नळी मिळते. त्यातल्या दोन-तीन वस्तू बदलाव्या लागतात. हिरवी किंवा पारदर्शक मऊ डिझेलनळी सरळ बाजूला टाका. ती पंपाच्या प्रत्येक ठोक्याला फुगते, आकसते, त्यामुळे डिझेल सारखं पोचत नाही. थंडीत ती कडकही होते. तिच्या जागी आतून २ मिमी आणि बाहेरून ४ मिमी व्यासाची कडक नायलॉनची नळी घ्या. दुधी रंगाची मिळाली तर उत्तम, आतला बुडबुडा दिसतो. किटमधल्या डिझेल क्लिपाही बदला. बारीक नळीला जुबिली क्लिप चालत नाही, तिचं तोंड गोल आवळलं जात नाही. लहान मापाच्या, बोल्टने आवळायच्या क्लिपा नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांत मिळतात. बोहरी आळीतून काचतंतूची उष्णतारोधक पट्टी, रबर ग्रोमेट, स्टीलचे वायसर आणि लॉक नट आणा. वायर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी), फ्यूज होल्डर तपकीर गल्लीत. ३ मिमी जाडीची, १५० बाय २०० मिमीची स्टीलची प्लेट भोसरीत कुठल्याही लेझर कटिंगवाल्याकडे हीटरच्या गॅस्केटचा कागद दिला की भोकांसकट कापून मिळते. ही प्लेट ऐच्छिक समजू नका, कारण पुढे येईलच.

जागा

जुन्या जीपमध्ये सर्वात सोयीची जागा म्हणजे क्लीनर-बाजूच्या सीटखाली किंवा तिच्या मागे, पत्र्यावर उभा, एक्झॉस्टची नळी खाली. हीटर केबिनच्या आत आणि एक्झॉस्ट, हवा, डिझेल हे तिन्ही पत्र्यातून थेट बाहेर. एक्झॉस्टचा एकही सांधा केबिनच्या आत असता कामा नये. हीटर पत्र्याखाली बाहेर लटकवला की चिखल, ओढ्याचं पाणी आणि दगड यांच्या तावडीत जातो. मुळशी-ताम्हिणीतल्या एका पावसाळ्यात त्याची मोटर जाम होईल.

भोक पाडण्याआधी गाडीखाली टॉर्च घेऊन झोपा आणि नीट बघा. ब्रेकचा पाइप, हँडब्रेकची केबल, चेसिसच्या आडव्या पट्ट्या, मागच्या दिव्यांची वायर आणि मुख्य म्हणजे इंजिनाचा सायलेन्सर कुठून जातो ते खडूने वरच्या पत्र्यावर उतरवून घ्या. जुन्या जीपच्या धाटणीच्या बऱ्याच गाड्यांत डिझेल टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. त्या बाजूला एक्झॉस्ट न्यायचाच नाही.

हीटरच्या मागच्या बाजूला, जिथून तो केबिनची हवा ओढतो, निदान ५० मिमी मोकळी जागा सोडा. सीटखाली चादरी, दोर, चपला कोंबायची सवय असेल तर जाळीचा पिंजरा करून घ्या. हवेचं तोंड झाकलं गेलं की हीटर तापतो आणि स्वतःला बंद करतो, बहुतेक वेळा पहाटे चारला.

पत्र्याचं काम

आधी ३ मिमीचं भोक, मग होल सॉ (गोल भोक कापणारी करवत). भोकांच्या कडा अर्धगोल कानशीने घासा, रेड ऑक्साइडचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. वरून प्लेट, खालून पत्रा, मध्ये उष्णता सोसणारं सिलिकॉन.

आता प्लेटचं कारण. जुन्या गाड्यांचा फ्लोअर कधीच सपाट नसतो. त्याला घड्या असतात, वेल्डिंगची ठिगळं असतात, गंजून पातळ झालेले भाग असतात. हीटरचं बूड अॅल्युमिनियमचं असतं. वाकड्या पत्र्यावर ते आवळलं की पिळतं, आणि आतला पंखा घराला घासू लागतो. आवाज ‘खर्र’ असा येतो. लोक मोटर खराब समजून नवा हीटर मागवतात. नट आवळल्यावर मोठा पंखा बोटाने फिरवून बघा. कुठेही अडता कामा नये. अडला तर नट सैल करून प्लेटखाली पातळ पत्री सरकवा. चारही एम ६ नट कोपऱ्याकोपऱ्याने, थोडे थोडे आवळा.

हाच हिशेब बाकीच्या फ्लोअरलाही लावा. गिअरच्या दांड्याचं फाटकं रबर, फोर-व्हीलच्या दांड्याभोवतीची फट, पेडलची भोकं, पाणी जायची बुचं: एक्झॉस्टचा धूर आत शिरतो तो इथून, हीटरमधून नव्हे. रबर बदला आणि बुचं बसवा. हे केल्याशिवाय पुढचं काम सुरू करू नका.

एक्झॉस्ट आणि जळणाची हवा

एक्झॉस्टचा स्टीलचा पाइप हीटरकडून बाहेरच्या बाजूला सतत उतरता हवा. जळणातून पाणी तयार होतं. मध्ये झोळ पडला तर ते साचतं, आणि उणे दहाला त्याचा बर्फ होऊन पाइप बंद होतो. सायलेन्सर लावलात तर त्याच्या सर्वात खालच्या जागी ३-४ मिमीचं भोक पाडा. किटमधले सायलेन्सर शिवणीतून थोडे गळतातच, म्हणून त्यांची जागा केबिनच्या पत्र्यातल्या कोणत्याही फटीपासून लांब, मोकळ्या हवेत.

लांबी दोन मीटरच्या आत. वळणं मोजून कमी. पाइपाभोवती काचतंतूची पट्टी गुंडाळा. पत्र्यापासून ५० मिमी आणि डिझेलनळी, वायर, टायर, ब्रेकचा रबरी होज यांपासून १०० मिमी अंतर राखा. दर ३०० मिमीवर एक पक्का क्लॅम्प चेसिसला. खडकाळ रस्त्यावर सैल पाइप आपल्याच वजनाने हीटरच्या तोंडाशी हलून सांधा उघडा पाडतो.

तोंड कुठे काढायचं यावर वाद होतात. मागे काढू नका. जीपचं मागचं दार म्हणजे चालत्या गाडीत धूर आत ओढणारी खिडकीच. पुढेही नको, वारा आणि चिखल आत शिरतो. एका बाजूला, दारांच्या फटी टाळून, बॉडीच्या कडेपर्यंत आणून तोंड खाली आणि किंचित मागे वळवा. ते चेसिसच्या खालच्या कडेपेक्षा वर असलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच दगडावर चेपेल. वाळक्या गवतावर गाडी लावून हीटर चालवू नका. डिसेंबरानंतर सह्याद्रीतल्या पठारांवरचं गवत या तोंडाखाली सहज पेट घेतं.

जळणाच्या हवेचा पाइपही बाहेरूनच. त्याचं तोंड एक्झॉस्टच्या उलट दिशेला, निदान ३०० मिमी लांब आणि खालच्या बाजूला वळवलेलं. स्वतःचाच धूर ओढणारा हीटर सपाटीवर कसाबसा चालतो. पँगाँगला, जिथे मुळातच प्राणवायू कमी, तिथे तो विझतो. केबिनमधली हवा जळणाला देण्याची आयडिया कोणी सुचवली तर ऐकू नका.

डिझेलची लाइन

बहुतेक बिघाड इथेच जन्मतात, म्हणून इथे हात आखडता घेऊ नका.

इंजिनाच्या मुख्य लाइनला टी जोडून डिझेल घेणं सोपं वाटतं, पण जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत त्या टीमधून हवा घुसली की सकाळी इंजिनच चालू होत नाही. चार हजार मीटरवर सकाळी सहाला एअर काढत बसणं कोणालाच नको. परतीच्या लाइनवर टी तर त्याहून वाईट. गाडी उभी असताना त्यात डिझेल असेलच असं नाही. टाकीतून वेगळी नळी काढा.

त्यासाठी टाकीला भोक पाडायची गरज नसते. फ्लोटची (डिझेलची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या गोळ्याची) चकती पाच-सहा स्क्रूंवर बसलेली असते. ती काढून बाहेर टेबलावर ठेवा आणि तिच्यात भोक पाडून पिकअपची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढायची नळी बसवा. म्हणजे लोखंडाचा कीस टाकीत जात नाही आणि डिझेलच्या वाफेजवळ ड्रिलची ठिणगीही नाही. टाकीवर वेल्डिंग किंवा ग्राइंडर अजिबात नाही, ती रिकामी असली तरी नाही. पिकअपचं टोक तिरकं कापा आणि तळापासून ४०-५० मिमी वर ठेवा. त्यामुळे दोन गोष्टी साधतात: वीस-पंचवीस वर्षांचा तळाशी बसलेला गाळ वर येत नाही, आणि हीटरने रात्रभर डिझेल प्यायलं तरी गाडीपुरतं उरतं.

पुढे फिल्टर, मग पंप. पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात दुबळा. म्हणून तो टाकीजवळ, हीटरपासून लांब. टाकी ते पंप एक मीटरच्या आत, पंप ते हीटर चार-पाच मीटरपर्यंत चालतं. पंप आडवा बसवू नका. त्याचं बाहेर जाणारं तोंड निदान १५ अंश वर उचललेलं हवं, ४५ असेल तर अधिक चांगलं. पंपात हवेचा बुडबुडा अडकला की तो तिथेच खाली-वर नाचत राहतो आणि डिझेल पुढे सरकत नाही. तोंड वर असेल तर बुडबुडा आपोआप निघून जातो. पंप रबरी पट्टीत टांगा. चेसिसला थेट आवळला तर त्याची टिकटिक रात्रभर उशीखाली ऐकू येते.

सांध्यांचं एक बघा. नायलॉन नळीची दोन टोकं रबरी तुकड्यात घालताना ती आत एकमेकांना टेकली पाहिजेत. मध्ये पाच मिलिमीटर जागा राहिली तरी तिथे हवेचा कप्पा होतो, तो वाढत जातो आणि अधूनमधून एक मोठा बुडबुडा हीटरकडे सुटतो. ज्योत लपलपते, कधी विझते. नळी पात्याने काटकोनात कापा, पक्कडीने चिमटून नको, तोंड चपटं होतं. बाहेरून रबरावर पेनाने खूण करून टोकं टेकल्याची खात्री करा.

लाइन चेसिसच्या आतल्या बाजूने न्या आणि तिच्यावर एसीच्या तांब्याच्या पाइपावर चढवतात तो काळा फोम चढवा. २ मिमीच्या नळीतलं डिझेल सगळ्यात आधी थिजतं.

पंप मोजून घ्या. पंपावर बहुधा ‘२२ मिली’ लिहिलेलं असतं, म्हणजे हजार ठोक्यांना २२ मिली. ते खरं असतंच असं नाही. हीटरला जोडण्याआधी नळीचं टोक औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या १० मिलीच्या सिरिंजमध्ये सोडा (दट्ट्या काढून, बूड बोटाने दाबून), नळी आधी पूर्ण भरून घ्या आणि कंट्रोलरच्या प्राइमिंगमधून (हीटर न पेटवता नुसता पंप चालवायची सोय) २०० ठोके मोजा. ४.४ मिली यायला हवं. ५ च्या वर गेलं तर पंप जास्त पाजतो, सेटिंग त्या हिशेबाने खाली आणा. ४ च्या खाली आलं तर आधी सक्शनच्या बाजूला हवा शोधा. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि उंचीवरचा सगळा हिशेब याच आकड्यावर उभा राहतो.

वायरिंग

हीटरला करंट थेट बॅटरीवरून द्या, इग्निशनच्या चावीवरून नाही. बंद केल्यावरही तो तीन ते पाच मिनिटं पंखा फिरवून स्वतःला गार करतो. मध्येच वीज तोडली की तापलेल्या चेंबरची उष्णता मागे जाते आणि मोटरचं प्लास्टिक, सेन्सर वितळतो. बॅटरी कट-ऑफ स्विच असलेल्या गाडीत हीटरची वायर स्विचच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला जोडा.

सुरू होताना ग्लो प्लग काही मिनिटं ८ ते १० अँपियर ओढतो, नंतर एक-दीड अँपियरवर भागतं. रात्रीचे आठ तास धरले तर ९ ते १३ अँपियर-तास. चांगल्या स्थितीतल्या ७०-८० एएचच्या बॅटरीला ते जड नाही. तीन वर्षं जुन्या, मरणपंथाला लागलेल्या बॅटरीला आहे, कारण सकाळी त्याच बॅटरीला गार डिझेल इंजिन फिरवायचं असतं.

किटमधली वायर बारीक असते. १.५ चौरस मिमीच्या चार मीटर वायरीत जाऊन-येऊन १० अँपियरला जवळपास एक व्होल्ट हरवतो. ४ चौरस मिमीच्या वायरीत सुमारे ०.३६. हीटर साधारण १०.५ व्होल्टच्या खाली हार मानतो. थंडीत आधीच खचलेल्या बॅटरीवर हा हरवलेला व्होल्ट म्हणजे ‘सुरू झाला’ आणि ‘नाही झाला’ यातला फरक. त्यामुळे ४ ची वायर, बॅटरीपासून हातभर अंतरात २० अँपियरचा फ्यूज. मायनसची वायरही सरळ बॅटरीला आणा. जुन्या जीपच्या गंजक्या चेसिसवर अर्थिंग शोधू नका, ते उन्हात मिळतं आणि बर्फात गायब होतं. थिंबल क्रिंप करा. पत्र्यातून जाईल तिथे ग्रोमेट.

कंट्रोलर डोक्याच्या उंचीवर, काचेपासून लांब बसवा. तापमान मोजणारा सेन्सर बहुधा त्याच्यातच असतो. तो काचेला चिकटला की हीटरला केबिन कायम गारठलेलीच वाटते.

पहिली पेटवणी

नळी रिकामी आहे, ती भरायची. २ मिमीच्या नळीत मीटरला साधारण ३.१ मिली डिझेल मावतं. चार मीटरला १२.५ मिली, म्हणजे २२ च्या पंपाला सुमारे ५७० ठोके. एकाने गाडीखाली बसून नळीकडे बघायचं आणि डिझेल हीटरपासून वीतभर अंतरावर आलं की ‘बस’ म्हणायचं. जास्त भरलं तर कच्चं डिझेल चेंबरमध्ये साचतं आणि पहिल्या पेटवणीला अख्ख्या सोसायटीत पांढरा धूर होतो.

सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटं पांढरट धूर ठीक आहे. नंतर एक्झॉस्ट डोळ्याला दिसता कामा नये. पूर्ण आचेवर अर्धा तास चालवा. पुण्यात दुपारी हे करताना दारं उघडी ठेवा, नाहीतर कंट्रोलर तापमान पोचलं म्हणून आच कमी करेल आणि चाचणीच होणार नाही. पहिल्या तासात नव्या हीटरला तेल जळाल्याचा वास येतो. तो गरम हवेच्या तोंडातून एक्झॉस्टसारखा तिखट येत असेल तर थांबा, गॅस्केट उघडून बघा.

पांढरं फडकं एक्झॉस्टच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर मिनिटभर धरा. किंचित राखाडी चालतं. काळा डाग पडला तर डिझेल जास्त आहे.

उंचीचा हिशेब

२२ च्या पंपाला सेकंदाला एक ठोका म्हणजे तासाला ७९ मिली. ३ हर्ट्झला (सेकंदाला तीन ठोके) २३८ मिली, आणि एवढं डिझेल २ किलोवॅटच्या हीटरचं पोट भरायला पुरेसं. आता पँगाँगला हवा ६३ टक्के, डिझेल मात्र तेवढंच आलं तर काय होईल ते उघड आहे. थंड हवा थोडी दाट असते, म्हणून प्रत्यक्ष कपात दाबाच्या आकड्यापेक्षा जरा कमी चालते. पुण्यात वरची मर्यादा ३ हर्ट्झ असेल तर लेहला २.२ ते २.३ आणि पँगाँग-हानलेला २ च्या आसपास. खालची मर्यादाही त्याच प्रमाणात उतरवा. ज्योत विझायला लागली तर ०.१ ने परत वर. पंख्याचे फेरे कमी करू नका, वाढवता आले तर चांगलंच. ऊब थोडी कमी होईल. विरळ हवेत तेवढीच मिळते.

म्हणून कंट्रोलर घेताना पंपाचे हर्ट्झ आणि पंख्याचे फेरे बदलता येतात का, किंवा उंची ओळखणारा सेन्सर आहे का, ते आधी विचारा. नुसता फिरवायचा खटका असलेला स्वस्त कंट्रोलर लडाखसाठी निरुपयोगी. एबरश्पेशर या जर्मन कंपनीच्या एअरट्रॉनिक डी २ हीटरची पुस्तिकाही हेच सांगते: १,५०० मीटरपर्यंत बिनघोर, ३,००० पर्यंत थोड्या मुक्कामाला चालेल, त्यापुढे किंवा लांब मुक्कामाला उंचीचं वेगळं किट. मूळचे आकडे कागदावर लिहून कंट्रोलरच्या मागे चिकटवा, परतीच्या वाटेवर मनालीला ते परत भरावे लागतात.

डिझेलही उंचीबरोबर बदला. आपल्या पंपांवरच्या डिझेलला हिवाळ्यात ६ अंशांपर्यंत फिल्टर न तुंबण्याची अट आहे, उन्हाळ्यात १८. जून ते सप्टेंबरच्या सहलीत त्रास क्वचित होतो; हिवाळ्यात मैदानातल्या डिझेलने टाकी फुल करून वर चढलात तर मेणाचे कण आधी हीटरच्या फिल्टरमध्ये जमतील. टाकीत डिझेल कमी राखून वर पोचा आणि तिथलं भरा. इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये आणलं आहे. कुठल्याही पंपावर डिझेल भरण्याआधी हीटर बंद, आणि गार होण्याची मिनिटं धरून वेळेआधी बंद.

दर रात्री झोपण्याआधी आणि सकाळी बंद करण्याआधी १५ मिनिटं पूर्ण आच. काजळी जाळायचा याहून सोपा उपाय नाही.

बिघडला तर

पंप टिकटिकतोय, पण पेटत नाही: नळीत बुडबुडे बघा, मग फिल्टर. पंप टिकटिकतच नाही: फ्यूज आणि पंपाचा प्लग. सुरू होता होता कंट्रोलरवर व्होल्टेजच्या बिघाडाचा कोड: इंजिन चालू करून पुन्हा प्रयत्न करा, तसा चालला तर दोष बॅटरीचा किंवा वायरीचा आहे. पेटतो आणि दहा-वीस मिनिटांत विझतो: एक्झॉस्टमध्ये बर्फ-चिखल, नाहीतर जाळी तुंबलेली. ग्लो प्लग काढला की त्याच्याभोवतीची जाळी दिसते. बोटाच्या पेराएवढी नळकांडी, काळी कुळकुळीत झालेली. ती सुईने ओढून काढा, नवी बसवा. जाळ्या, एक ग्लो प्लग, गॅस्केटचा सेट, वीतभर नळी आणि चार क्लिपा एका डब्यात कायम सोबत. जाळी काढायला लागणारा पाना किटमध्ये असतो, तो गॅरेजमध्ये विसरतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपताना डोक्याच्या पातळीवर हवाच. या वायूला वास नसतो. शिवाय डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं ही या विषबाधेची लक्षणं उंचीच्या त्रासाशी इतकी जुळतात की माणूस ‘लेहला पहिली रात्र आहे, होणारच’ म्हणत पांघरूण ओढून घेतो. अलार्म वाजला तर आधी दारं उघडून बाहेर पडा, हीटर बंद करण्याचं नंतर. एक काच दोन बोटं उघडी ठेवा. गाडीत १ किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक हाताशी.

परत आल्यावर

हीटर महिन्यातून एकदा २० मिनिटं पूर्ण आचेवर चालवा. पडून राहिलेलं डिझेल जाळीत गोंदासारखं घट्ट होतं. पावसाळ्याआधी एक्झॉस्ट आणि हवेच्या तोंडात रबरी बूच मारा. चिखलापेक्षा मोठी शत्रू आहे कुंभारीण माशी. तिला २५ मिमीचा काळा पाइप घरट्यासाठी फार आवडतो. दोन आठवड्यांत ती आत मातीची भिंत उभी करते आणि डिसेंबरात हीटर कोड दाखवत बसतो. बूच मारल्याबरोबर कंट्रोलरला लाल फीत बांधा आणि तिच्यावर ‘बूच काढा’ लिहून ठेवा.